५८९ मिनिटं

डेरेक बूगार्डने एनएचएलमधल्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमधल्या, सहा हंगामांत एकूण तीन गोल केले. त्यातला शेवटचा ९ नोव्हेंबर २०१० च्या रात्री, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, वॉशिंग्टन कॅपिटल्सविरुद्ध. त्याआधीचा जानेवारी २००६ मधला. मधले २३४ सामने कोरडे गेले होते. इतक्या काळात गोल न करणारा फॉरवर्ड कुठल्याही संघात टिकणार नाही, पण बूगार्डला न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याच वर्षी जुलैमध्ये चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलरचा करार देऊन बोलावून घेतलं होतं. गोलांसाठी त्याला कोणी पैसे देत नव्हतं.

त्याच्या नावापुढचे आकडे असे आहेत: २७७ सामने, ३ गोल, १३ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला लावलेला हातभार), ५८९ पेनल्टी मिनिटं. म्हणजे जवळजवळ दहा तास तो शिक्षेच्या काचेच्या खोक्यात एकटा बसून होता. सामना साठ मिनिटांचा असतो आणि बूगार्ड त्यातली जेमतेम पाचेक मिनिटं बर्फावर असायचा. बाकी वेळ बाकावर. प्रशिक्षकाने खांद्यावर हात ठेवला की उठायचं, ज्याला गाठायचं त्याला गाठायचं, हातमोजे खाली टाकायचे. या कामाला तिथे एन्फोर्सर म्हणतात. आपल्या संघाच्या नाजूक, चपळ, महागड्या खेळाडूंना कोणी धक्काबुक्की केली तर हिशेब चुकता करणारा माणूस. आधीच्या संघात, मिनेसोटा वाइल्डमध्ये, बूगार्ड ज्याचं रक्षण करायचा तो मारियान गाबोरिक पुढे न्यूयॉर्कला गेला, आणि वर्षभराने बूगार्डही तिथेच पोचला.

मी मिनेसोटात राहायला गेले तेव्हा बूगार्ड त्या राज्याचा लाडका होता. उंची साडेसहा फुटांच्या वर, वजन १२० किलोच्या आसपास, पाठीवर २४ नंबर. ऑफिसातली माणसं त्याला ‘बूगीमॅन’ म्हणायची, म्हणजे आपल्या बागुलबुवाचा तिकडचा भाऊ. त्याच्या नंबरची जर्सी घातलेली पाच-सहा वर्षांची पोरं सेंट पॉलच्या स्टेडियमबाहेर बापाच्या खांद्यावर बसलेली दिसायची. हॉकी म्हणजे हिरवं मैदान आणि ध्यानचंद एवढंच ठाऊक असलेली मी, माझ्या मुलाच्या हट्टापायी तिथे पहिल्यांदा आत गेले. खेळाचा वेग डोळ्यांत मावत नव्हता. पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती, कुठे आहे हेच कळेना. पण मध्येच दोन माणसं थांबली, हातमोजे बर्फावर पडले, आणि सगळं स्टेडियम एका क्षणात उभं राहिलं. त्या संध्याकाळी दोन गोलही झाले होते. गोलांच्या वेळी काही माणसं बसून होती. मारामारीच्या वेळी एकही बसलेला नव्हता.

बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, राग अनावर झाला आणि भांडण झालं. तसं ते क्वचितच असतं. एनएचएलच्या नियमपुस्तकात मारामारीला स्वतंत्र नियम आहे, क्रमांक ४६. दोघांना पाच-पाच मिनिटं बाहेर बसवतात. दोन्ही संघांचा एकेक माणूस गेला, त्यामुळे बर्फावर कोणाचंच नुकसान होत नाही. १९९२ मध्ये सुरुवात करणाऱ्याला जादा शिक्षा द्यायचं ठरलं, म्हणून मग दोघं आधी विचारूनच सुरू करू लागले. फीनिक्सकडून खेळणाऱ्या जॉर्ज लराकला एका सामन्यात मायक्रोफोन लावला होता. समोरच्याला ‘लढायचं का’ असं विचारून, होकार आल्यावर तो त्याला शुभेच्छा देताना स्पष्ट ऐकू येतो. मग दोघं एकमेकांना ठोकतात. डाव्या हाताने समोरच्याची जर्सी खांद्यापाशी मुठीत धरायची, म्हणजे त्याचा मारता हात अडकतो, आणि उजव्याने मारत राहायचं. लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, शेजारी उभे राहून वाट बघतात. एकजण पडला की मध्ये पडतात.

मारामारी थांबवायच्या ऐवजी तिची बूज राखणारे नियम किती बारकाईने केले आहेत हे वाचताना मला अंगावर काटा येतो. जर्सीला मागच्या बाजूने एक पट्टा असतो, तो पँटला बांधायलाच हवा. जर्सी डोक्यावरून ओढून समोरच्याला आंधळा करता येऊ नये म्हणून ही सोय. हा पट्टा न बांधता मारामारीत जर्सी निघाली तर खेळाडू सामन्यातून बाहेर. पण मारामारीसाठी मात्र फक्त पाच मिनिटं. २०१३ मध्ये आणखी एक नियम आला: मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर जादा दोन मिनिटं. कारण रास्त होतं. ऑन्टॅरियोतल्या एका हौशी लीगमध्ये डॉन सँडरसन नावाचा २१ वर्षांचा खेळाडू मारामारीत पडला, उघडं डोकं बर्फावर आपटलं आणि जानेवारी २००९ मध्ये तो गेला. नियम आल्यावर त्याच मोसमाच्या सराव सामन्यांत दोन खेळाडूंनी एकमेकांची हेल्मेटं हळूच काढून दिली आणि मग मारामारी केली. नियम शब्दाने पाळला गेला.

कोल्हापूरच्या लाल मातीत उतरणारा पैलवान लढायलाच आलेला असतो. त्याची हार आणि जीत त्याच्या नावावर लागते, निकाली कुस्ती झाली की गाव त्याला खांद्यावर घेतं, हरला तर पुढच्या जत्रेत तो परत उतरतो. एन्फोर्सरची लढत खेळाच्या बाहेरची. तो जिंकला तरी फलकावर काही बदलत नाही. हरला तर मात्र नोकरी जाते, कारण मार खाणारा रक्षक कोणाला हवा? लढणाऱ्याची लढतही त्याच्या मालकीची नसावी, हे मला या पेशातलं सर्वांत क्रूर वाटतं.

बूगार्डचा जन्म १९८२ चा, सस्कॅटूनचा. वडील लेन कॅनडाच्या घोडदळी पोलिसांत, त्यामुळे सस्कॅचेवानच्या सपाट माळरानावरची छोटी छोटी गावं पालथी घालत तो वाढला. प्रत्येक शाळेत नवा, आणि प्रत्येक वर्गात सर्वांत मोठा. एवढ्या मोठ्या पोराला मारून दाखवलं तर नाव होतं, म्हणून मुलं त्याच्या वाटेला जायची, आणि कुठेही भांडण झालं की शिक्षकांची नजर आधी त्याच्याकडे वळायची. अभ्यासात रमला नाही. बर्फावर मात्र त्याला आपली जागा सापडली असं वाटायचं, जरी स्केटिंगला तो इतरांपेक्षा जड होता. वडील गस्तीच्या नोकरीतून वेळ काढून त्याला सामन्यांना घेऊन जायचे. माळरानावरच्या त्या लांबलचक, पांढऱ्या रस्त्यांवर बापलेकांच्या गप्पा व्हायच्या. त्याने मागे ठेवलेल्या हस्तलिखित कागदांत लहानपणाबद्दल बरंच काही लिहिलेलं आहे. म्हणजे बोलण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं.

मेलफर्ट नावाच्या गावात तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका सामन्यात त्याचा तोल सुटला. तो थेट प्रतिस्पर्धी संघाच्या बाकांवर घुसला आणि समोर येईल त्याला मारत सुटला. पोरं घाबरून पळाली. प्रेक्षकांत त्या दिवशी रेजिना पॅट्स या ज्युनियर संघाचे दोन स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारी माणसं, बसले होते. एखाद्या शाळेने अशा मुलाच्या आईवडिलांना बोलावून घेतलं असतं. स्काउटांनी त्याचं नाव यादीत घातलं.

मी या जागी नेहमी अडखळते. त्या मुलाला त्या दिवशी कळलं की आपल्यातली ही एक गोष्ट जगाला हवी आहे. तो पास कसा देतो, वळतो कसा, यात कोणाला रस नव्हता. स्वप्न तर एनएचएलचंच होतं, कॅनडातल्या लाखो मुलांचं असतं तेच, आणि दार एवढंच उघडं होतं. ‘त्याने स्वतःच निवडलं’ असं म्हणणारे भेटले की मला ते बाक आठवतात. सोळा वर्षांचं पोर काय निवडणार? मोठ्या माणसांनी निवडलं, त्याने होकार दिला.

पुढचा रस्ता रेजिना, प्रिन्स जॉर्ज, मेडिसिन हॅट या गावांच्या ज्युनियर संघांमधून. जबडा मोडला, तारांनी बांधला, बरा झाला, पुन्हा लढला. २००१ मध्ये एनएचएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत मिनेसोटा वाइल्डने त्याला सातव्या फेरीत, २०२ व्या क्रमांकावर निवडलं. लुइझियाना आणि ह्यूस्टनच्या खालच्या लीगमध्ये काही वर्षं काढून २००५ च्या हंगामात तो वर आला. एव्हाना तो इतका भीतिदायक झाला होता की अनेक जण त्याच्याशी लढायलाच राजी नसत. ऑक्टोबर २००६ मध्ये अ‍ॅनाहाइमच्या टॉड फेडोरुकच्या गालावर त्याचा उजवा ठोसा बसला आणि गालाचं हाड चुरलं. डॉक्टरांना धातूच्या पट्ट्या बसवून चेहरा जोडावा लागला. मिनेसोटाच्या प्रेक्षकांनी तो ठोसा पुढे कितीदा तरी आनंदाने आठवला. दुसऱ्याच वर्षी फेडोरुक मिनेसोटात आला, बूगार्डचा सहकारी झाला, आणि दोघांची मैत्री जमली. ज्याने हाड मोडलं त्याच्या शेजारी बसून जेवणं फेडोरुकला जड गेलं नाही, कारण असे ठोसे त्यानेही दिले होते आणि खाल्ले होते. या पेशातली माणसं एकमेकांना जितकं ओळखतात तितकं त्यांच्या बायकाही ओळखत नसाव्यात.

एन्फोर्सरांची भीती प्रेक्षकांना दिसत नाही. सामन्यांचं वेळापत्रक हातात आलं की ही माणसं आधी समोरच्या संघात कोण आहे ते बघतात. तीन दिवसांनी एडमंटन, मग कॅलगरी, आणि तिथे अमुक वाट बघतोय. आदल्या रात्री झोप नाही. दुपारची डुलकी नाही. लराक निवृत्तीनंतर उघडपणे सांगत आला की त्याला मारामारीचा मनापासून तिटकारा होता, आणि दडपण खेळापेक्षा वाट बघण्याचं असायचं. ज्याच्या भीतीवर दुसऱ्यांची निर्धास्तता उभी आहे त्याने ‘मला भीती वाटते’ असं कोणाला सांगायचं? प्रशिक्षकाला सांगितलं तर जागा जाणार. सहकाऱ्यांना सांगितलं तर त्यांचं बळ जाणार. डेरेक सांगत नव्हता. तो हसायचा, लहान मुलांना सह्या द्यायचा, सैनिकांच्या मुलांना सामन्याला बोलवायचा. त्याला ओळखणारा जवळपास प्रत्येक माणूस त्याच्या मृदूपणाबद्दल बोलतो, आणि मला त्यात आश्चर्य वाटत नाही. एवढ्या मोठ्या शरीराच्या माणसाला लहानपणापासून जपून वागायची सवय लागते.

आणि हात. आपण डोक्याचा विचार करतो, पण रोजची दुखणी हाताची. उघड्या मुठीने हेल्मेटवर, कवटीवर, दातांवर मारायचं. सांधे सुजतात, बोटं फुटतात, जखमेवर जखम होते. नाक किती वेळा मोडलं याचा हिशेब राहत नाही. पाठ, खांदा, दात. प्रत्येक दुखण्यावर एक गोळी मिळते, आणि डॉक्टर संघाचाच असतो. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या एका हंगामात बूगार्डला ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांच्या किमान २५ चिठ्ठ्या दहा वेगवेगळ्या डॉक्टरांकडून मिळाल्या. एकूण गोळ्या सहाशेच्या वर. यातले आठ डॉक्टर एकाच संघाचे होते. हे आकडे उजेडात आले ते त्याच्या वडिलांमुळे. लीगने ते शोधले नव्हते. सप्टेंबर २००९ मध्ये त्याला व्यसनमुक्ती केंद्रात जावं लागलं आणि हंगामाच्या सुरुवातीचे सामने चुकले. बाहेर सांगितलेलं कारण होतं डोक्याला मार. केंद्रातून परत आल्यावर तो त्याच कामावर परत आला, आणि दुखणीही परत आली.

शेवटची मारामारी ९ डिसेंबर २०१० ला, ओटावात, मॅट कार्कनरशी. त्या तिसऱ्या गोलाला बरोबर एक महिना झाला होता. बूगार्ड बर्फावर पडला आणि कार्कनर त्याच्या अंगावर. नाक मोडलं, खांदा दुखावला, आणि डोक्याला लागलेला मार काही केल्या उतरेना. रेंजर्सकडून त्याचे सामने २२ वरच थांबले. मॅनहॅटनच्या अपार्टमेंटमध्ये तो पडदे ओढून आठवडेच्या आठवडे पडून राहिला. उजेड सहन होत नव्हता. वडील भेटायला गेले तेव्हा त्यांना आपला मुलगा ओळखू येईना इतका तो आतून बदलला होता.

१३ मे २०११ ला मिनिआपोलिसमधल्या त्याच्या घरी तो मृत सापडला. दुसऱ्यांदा घेतलेल्या उपचारातून आदल्याच दिवशी तो सुट्टीवर बाहेर पडला होता. दारू आणि ऑक्सिकोडोन यांचं मिश्रण, अपघाती मृत्यू, असं निदान झालं. वय २८. मिनेसोटात त्या आठवड्यात लोक हिरव्या जर्सी घालून स्टेडियममध्ये जमले, पोरं रडत होती. अंत्यविधी रेजिनात झाला, पोलिस प्रशिक्षण केंद्राच्या चॅपलमध्ये, जिथे पोलिसांच्या कुटुंबांचे निरोप होतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिक रिपियन गेला, महिनाअखेरीस वेड बेलाक. दोघंही एन्फोर्सर. त्या काळात ऑफिसात कोणी हॉकीचा विषय काढत नव्हतं.

मृत्यूनंतर काही दिवसांतच बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी कुटुंबाला मेंदू मागितला. घरच्यांनी दिला. डॉ. अ‍ॅन मकी यांच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि सीटीई हा मेंदूचा आजार सापडला. डोक्याला वर्षानुवर्षं धक्के बसत राहिले की मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं आणि पेशी मरत जातात. स्मृती, संयम, मनःस्थिती, सगळ्यावर परिणाम होतो, आणि जिवंतपणी त्याचं खात्रीने निदान करता येत नाही. वर्षभर आधी ४५ व्या वर्षी वारलेल्या बॉब प्रोबर्ट या गाजलेल्या एन्फोर्सरच्या मेंदूतही तो सापडला होता. बूगार्डचा आजार त्याच्यापेक्षा पुढे गेलेला होता. वयात सतरा वर्षांचं अंतर असून. डिसेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे सगळं मोठ्या लेखमालेत छापलं, तेव्हा लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांचं उत्तर होतं की निष्कर्ष काढण्याइतकी माहिती अजून नाही. २०१९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढेही त्यांची भूमिका बदललेली नव्हती. मधल्या काळात निवृत्त खेळाडूंनी गुदरलेला खटला नोव्हेंबर २०१८ मध्ये १ कोटी ८९ लाख डॉलरवर मिटला. शेकडो खेळाडू, आणि लीगने जबाबदारी मान्य केली नाही. बूगार्ड कुटुंबाचा स्वतंत्र दावा न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळला.

लीग पेनल्टीचं मिनिट न् मिनिट मोजते. ५८९ हा आकडा कायमचा जतन झाला आहे, कोणीही जाऊन बघावा. पण त्याच्या डोक्याला किती ठोसे लागले याची नोंद कोणाकडे नाही. गोळ्यांची नोंद एका ठिकाणी नव्हती, म्हणून ती जमवायचं काम एका पोलिसाने केलं. लेन बूगार्ड यांनी मुलगा गेल्यावर फोनची बिलं, चिठ्ठ्या, दवाखान्याचे कागद एकेक करून गोळा केले, तारखा लावल्या, फोन केले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातल्या दुर्घटनांचे तपास केलेला माणूस स्वतःच्या मुलाचा तपास करत बसला होता. ज्यांनी त्या शरीरावर पैसे लावले होते, त्यांनी हा हिशेब ठेवायला हवा होता.

आता ते पूर्वीसारखे एन्फोर्सर राहिले नाहीत, हे खरं आहे. २००५ नंतर पगारांवर मर्यादा आली, खेळ वेगवान झाला, आणि पाच मिनिटं खेळणाऱ्या माणसावर पैसे खर्च करणं संघांना परवडेनासं झालं. २००८-०९ च्या हंगामात सातशेच्या वर मारामाऱ्या झाल्या होत्या, आता त्या निम्म्यापेक्षा कमी झाल्या आहेत. पण हे घडलं पैशाच्या गणिताने. कोणी मन बदललं म्हणून घडलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅट रेम्पे नावाचा साडेसहा फुटांहून उंच तरुण पदार्पणाच्या सामन्यात पहिल्याच क्षणी लढला आणि रात्रीत लाडका झाला. संघ न्यूयॉर्क रेंजर्स. पुढच्या फेब्रुवारीत मॉन्ट्रियलला अमेरिका आणि कॅनडा समोरासमोर आले, तेव्हा पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या, आणि वर्षानुवर्षांत हॉकीला इतकी प्रसिद्धी मिळाली नसेल. माझा मुलगा आता मोठा झालाय. त्याने मला ती चित्रफीत पाठवली, खाली फक्त एवढंच लिहिलं होतं, “आई, बघू नकोस.”

मारामारीशिवाय हॉकी होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी ऑलिम्पिकचे सामने बघायला सांगते. तिथे हातमोजे टाकले की माणूस सामन्यातून बाहेर जातो, त्यामुळे क्वचितच कोणी टाकतं, आणि खेळ तितकाच सुंदर असतो, थोडा अधिकच. क्यूबेकच्या ज्युनियर लीगने २०२३ पासून हाच नियम केला: मारामारी केली की बाहेर. तिथे सोळा वर्षांच्या पोराला आता त्याच्या मुठींसाठी निवडून काही उपयोग नाही. हा नियम पश्चिम कॅनडातल्या ज्युनियर लीगमध्ये यावा, लवकर यावा, कारण मेलफर्टसारख्या गावांतली मुलं तिथेच खेळायला जातात.